वाईस गेल्यावर काय करावे?

सहलीचे दिवस जवळ आले की पालकमंडळी आम्हांस हटकून विचारतात, "सर, तेथे पाहण्यासारखे काय आहे?" आमच्या मते हा प्रश्न थोडा बदलून, "तेथे करण्यासारखे काय आहे?" असा विचारावा. पाहणे घटकाभरात उरकते. पाचगणी-महाबळेश्वरास निघालेली मोटार वाईच्या बाजारात चहापुरती थांबते, आणि तेवढ्यात 'वाई पाहिली' असे सांगणारे थोडे नाहीत.

वाईस पहिले काम चालण्याचे. कृष्णेच्या काठाने एका घाटावरून दुसऱ्या घाटावर सावकाश पायी जावे. वाईतील घाट हे त्या त्या आळीचे अंगणच होत. हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. जुने गाव जिवंत राहते ते अशा वहिवाटीने, हे चालल्याखेरीज उमगत नाही.

दुसरे काम, इमारतीच्या पाठीमागे जाण्याचे. ढोल्या गणपतीचे देवालय गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. बहुतेक लोक समोरून भव्य मूर्ती पाहून परततात. आम्ही विद्यार्थ्यांस मागच्या बाजूस नेले आणि भिंत अशी निमुळती का, असे विचारले. हुशार म्हणविणारे गप्प राहिले. गणितात सदैव मागे असणारा, कोळ्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, हे होडीचे तोंड आहे. पुराचे पाणी फाटून दोहों बाजूंनी जावे म्हणून." उत्तर अचूक होते. त्या दिवसापासून वर्गात त्याची मान थोडी वर झाली, हा त्या सहलीचा आम्हांस मोठाच लाभ वाटतो.

तिसरे काम, प्रश्न सोबत घेऊन येण्याचे. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरांवर मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आहे. त्यामागे नदीकाठच्या देवळापाशी एक थोर घंटा टांगलेली आहे. तिजवर १७०७ हे साल असून बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृती आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयातील ही घंटा. एका विद्यार्थिनीने विचारले, "मग ही परत द्यावयास नको काय?" दुसरी म्हणाली, "परत द्यावयाची तरी कोणास? ज्यांच्याकडून घेतली ते तर केव्हाच गेले!" परतीच्या वाटेवर गाडीत हाच वाद चालला. आम्ही निवाडा दिला नाही. एवढेच दाखविले की ज्यांनी ती जिंकून आणली त्यांनी तिजवरील आकृती घासून टाकिली नाही. युद्धातही राखलेली ही मर्यादा मुलांनी ध्यानी ठेवावी.

चौथे काम, घरी आल्यावर वाचण्याचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश याच लहान गावात घडला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. मोठ्या कामास मोठे शहरच लागते, हा समज तेथे गळून पडतो. शाळेच्या ग्रंथालयात एखादा खंड उघडून एक तरी नोंद सावकाश वाचावी.

आता न करण्याचे एक काम. मेणवलीस 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटाचे चित्रण झाले, म्हणून पुष्कळ लोक तेथे छायाचित्रे काढावयास येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु वाड्याच्या भिंतींवर जुनी चित्रे आहेत, आणि जुन्या भिंती दिसल्या की त्यांवर स्वतःचे नाव कोरण्याची खोड कित्येकांस असते. चुन्यातील रंगाचा एक टवका उडाला की तो पुन्हा बसविता येत नाही. ज्या भिंतीने अडीचशे पावसाळे सोसले, तिला एका मुलाच्या खिळ्याने हार खावी लागावी, ही लाजिरवाणी गोष्ट होय.

पालकांस एवढीच विनंती की, मुले सहलीहून परतल्यावर "काय काय पाहिलेस?" असे विचारून थांबू नये. "कोणता प्रश्न घेऊन आलास?" असे विचारावे, आणि त्याचे उत्तर शोधण्यास रात्री जेवणानंतर मुलांबरोबर बसावे.