झोपेचे अर्थशास्त्र

भारतातून युरोपकडे जाणारी इतकी विमाने मध्यरात्रीनंतरच का सुटतात, हा प्रश्न सामान्य प्रवासी वैतागून विचारतो. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला मात्र त्यामागचा नियम शोधावासा वाटतो.

फ्रँकफर्टचे उदाहरण घ्या. तेथे २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे. विमानतळालगतचे रहिवासी झोपेसाठी न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने ही बंदी कायम केली. दुपारी तेथून निघालेले विमान आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमारास उतरते, थोड्याच वेळात परत फिरते आणि पुढच्या जोडविमानांच्या वेळेला सकाळी तेथे पोहोचते. एवढे महागडे यंत्र जमिनीवर उभे ठेवणे कोणालाच परवडत नाही. हिशेब चोख आहे. जागरण तेवढे आपल्या वाट्याला येते.

माझे वास्तव्य कोलकात्यातील बेहाला येथे. बेहालात धावपट्टी आहे, पण ती छोट्या विमानांची. दमदम शहराच्या दुसऱ्या टोकाला; कोलकाता–फ्रँकफर्ट थेट सेवा २०१२ मध्येच बंद झालेली. त्यामुळे गेल्या खेपेस दुपारी चारला घर सोडले, रात्री दिल्ली गाठली आणि पुढचे विमान पहाटे तीनच्या सुमारास मिळाले.

खिडकीशी सत्तरीच्या एक काकू होत्या. नागपूरहून एकट्याच, मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या. मध्ये एक तरुण गाढ झोपलेला. काकूंनी जेवणाला हात लावला नाही, पाणीही परत केले. दोन तासांनी विमानाला हादरे बसू लागले. सूचना इंग्रजीत आणि जर्मनमध्ये झाली. काकूंनी मुलीचे पत्र, विम्याचा कागद आणि परतीचे तिकीट असलेली फाइल छातीशी धरली. मी मराठीत सांगितले, तेव्हा त्यांचा श्वास जरा खाली बसला.

"पाणी का घेत नाही?"

"घेतलं तर उठावं लागते ना भाऊ. त्या पोराला कितीदा उठवू?"

हादरे थांबल्यावर मी त्या पोराला उठविले. काकू बाहेर आल्या, चार पावले चालल्या, दोन पेले पाणी प्यायल्या. पाय सुजलेले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले होते की चार तासांहून अधिक बसून केलेल्या प्रवासानंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मूळ धोका अल्प असतो, हे खरे. तरी पाणी आणि हालचाल टाळणे शहाणपणाचे नव्हे. व्यवहाराबाहेरच्या माणसावर पडणाऱ्या खर्चाचा विचार पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडला. फ्रँकफर्टच्या रहिवाशांनी आपल्यावरचा असा खर्च कायद्याने परत पाठविला. काकू तर तिकीटधारक होत्या, तरी वेळापत्रक ठरविताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

वेळापत्रक आपण बदलू शकत नाही. परंतु परदेशातील वाचकहो, आईवडिलांचे तिकीट बहुधा तुम्हीच काढता. स्वस्तातले तिकीट निवडताना जागरणाचे तासही मोजा. दिल्ली-मुंबईत एक रात्र मुक्कामाची सोय करा, कडेचे आसन आधीच राखून ठेवा आणि निघण्यापूर्वी फोनवर स्पष्ट सांगा: "आई, पाणी पी आणि शेजाऱ्याला खुशाल उठव."