चरबीची बोली

आपल्या मायबोलीने चरबीला कधी धड वागवलेले नाही. कुणी उर्मटपणा केला की त्याला ‘चरबी चढली’! ‘लठ्ठ’ हा शब्द शोभतो तो फक्त पगाराला. मी लहानपणापासून अंगाने भरलेली. त्यामुळे हे वाक्प्रचार व्याकरणाच्या पुस्तकात भेटण्याआधीच अंगावर झेलले. पंगतीत जिलबीचे ताट माझ्यापुढे आले की शेजारच्या काकूंचा निकाल ठरलेला, “हिच्या जिभेला लगाम नाही!”

म्हणूनच, दहावीनंतर शास्त्राशी फारकत घेतलेली मी, चरबीविषयी मिळेल ते वाचू लागले.

चरबी म्हणजे अंगावर थिजलेले मुके तूप नव्हे. ती ऐकते आणि बोलतेही. तिची बोली म्हणजे रक्तातून हिंडणारी प्रथिने. जेवण झाले की स्वादुपिंडातले इन्शुलिन तिला सांगते, ‘साठव’. मग तिच्या पेशी फुगतात. उलट चरबी मेंदूला लेप्टिनच्या हाती सांगावा धाडते, ‘कोठार भरले आहे.’ कोठार आटले की सांगावा क्षीण होतो. मेंदूला वाटते, दुष्काळ पडला! तो भूक वाढवतो आणि शरीराच्या खर्चाला कात्री लावतो. वजन उतरवू पाहणाऱ्याची भूक खवळते ती यामुळे.

या दूताचा माग उंदरांनी दिला. अमेरिकेत मेन राज्यातल्या प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी जन्मजात लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर जोडून दोघांचे रक्त एकमेकांत खेळवले, तेव्हा लठ्ठ उंदीर कमी खाऊ लागला. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लेप्टिनचे जनुक सापडले. पुढे केंब्रिजच्या डॉक्टरांना लेप्टिन बनतच नाही अशी मुले आढळली. त्यांतल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला ते रोज टोचू लागल्यावर तिची अनावर भूक निवली, वजन उतरू लागले. तिच्या जिभेला कुणी लगाम घातला नव्हता. हरवलेला निरोप तेवढा पोचवला होता. हे वाचताना माझे डोळे भरून आले.

अशी मुले विरळाच. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन उदंड असते. मेंदूच त्याला दाद देत नाही.

आणि बारीक माणसे? माझी आत्या काडीसारखी. तिला मधुमेह निघाला तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसेना. या कोड्याचा एक धागा मला पुण्यातच सापडला. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! त्वचेखालचे कोठार पुरेसे ताणले गेले नाही की जादा मेद यकृतात साचतो. इन्शुलिनची बाजू सावरणारे ॲडिपोनेक्टिन घटते आणि इन्शुलिनचे सांगणे शरीर ऐकेनासे होते. म्हणजे प्रश्न कोठार किती मोठे एवढाच नाही, ते किती लवचीक हाही आहे. ते काही वरून दिसत नाही.

आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत मानाचे पान कधीच दिले आहे. आपणही थोडे सबुरीने घेऊ या. मित्रांनो, कुणाच्या अंगाकडे पाहून ओठांवर कोटी आलीच, तर ती खुशाल गिळा. तिने वजन वाढत नाही!