पिठाचें पोतें

स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज हें समुद्रकांठचें लहानसें गांव. परंतु तेथील विद्यापीठास १४१३ सालीं पोपची सनद मिळालेली आहे. तांबडे झगे घातलेले तेथील विद्यार्थी बंदराच्या धक्क्यावरून रांगेनें फिरावयास जातात. १८०० सालीं किनाऱ्याजवळ एक जहाज रुतलें असतां जॉन हनी नांवाचा विद्यार्थी कमरेस दोर बांधून पोहत गेला आणि त्यानें खलाशांचे प्राण वांचविले. ही फेरी त्याच्याच स्मरणार्थ, असें सांगतात.

मला मात्र या शौर्यकथेहून तेथील एका जुन्या सुटीची हकीकत अधिक हृदयस्पर्शी वाटते. तिला 'पिठाचा सोमवार' असें म्हणत. गरीब विद्यार्थी सत्रारंभीं घरून ओटच्या पिठाचें पोतें आणीत, व तें सरत आलें म्हणजे या सुटींत घरीं जाऊन दुसरें घेऊन येत. याच विद्यापीठांत शिकलेले रॉबर्ट नेस्बिट १८२७ सालीं मुंबईस आले व मराठींत निष्णात झाले.

आमच्या वसतिगृहांतही जूनमध्यें तांदळाचीं गांठोडीं येतात. यंदा एका मुलानें मला हळूच सांगितलें, "गुरुजी, बाबांनीं बियाण्यासाठीं राखलेल्या भातांतून हे तांदूळ काढले." यावर मला कांहींच बोलवेना.

विद्यार्थिमित्रहो, गांठोडें सोडतांना तें कोणत्या घरांतून, काय उणें करून आलें, एवढें एकदां मनांत आणावें. अभ्यासास बसण्यासाठीं मग दुसऱ्या ताकिदीची गरज पडणार नाहीं.