खालची ओळ

राऊंडच्या आधी पोटं मोजून ठेवायची, हे मेल मेडिसिन वॉर्डातलं आमचं सकाळचं काम. बेंबीवरून टेप फिरवायची आणि आकडा केसपेपरवर टाकायचा. काल अठ्ठ्याण्णव, आज एकशे एक. साहेब आले की आधी तो आकडा बघायचे, मग पेशंटकडे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली आणि तिचा मोठा भाग पोटात पाणी झालेल्या माणसांत गेला. हातापायांच्या काड्या, गालफडं बसलेली, डोळे पिवळे आणि पोट मात्र टम्म. निदान लिव्हर सिरोसिस. वय विचारावं तर चाळीस, बेचाळीस.

पाणी काढण्याला आम्ही टॅपिंग म्हणतो. पोटाच्या डाव्या अंगाला, खाली, बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं, मग जाड सुई घालायची आणि तिला सलाईनची नळी जोडून ती खाली बाटलीत सोडायची. फिकट पिवळं पाणी संथपणे उतरत राहतं. तीन-चार लिटर निघेपर्यंत दुपार व्हायची. त्या संध्याकाळी पेशंटला भूक लागायची, उताणं झोपता यायचं, तो बायकोशी दोन शब्द बरे बोलायचा. पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर अल्ब्युमिन द्यावं लागतं, नाहीतर बीपी उतरतं आणि किडनीवर येतं. बाहेरून आणायची झाली तर अल्ब्युमिनची एक बाटली म्हणजे कापूस वेचणाऱ्या बाईची कित्येक दिवसांची मजुरी. म्हणून साहेब आधीच थांबायचे. पंधरवडा उलटायच्या आत पेशंटची बायको परत वॉर्डाच्या दाराशी उभी. "पोट परत भरी गयं वं ताई."

दारूवाले जास्त, हे खरंच. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारे मोहाची प्यायचे, शहरातले हमाल, ड्रायव्हर, लूमवरचे कामगार देशी. नोकरदार मात्र आवर्जून सांगायचे, "सिस्टर, मी इंग्लिशच घेतो." लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही. पोटात अल्कोहोल किती गेलं आणि किती वर्षं गेलं, एवढाच त्याचा हिशेब. शिवाय हा अवयव दुखत नाही. बराचसा निकामी होईपर्यंत तक्रार करत नाही, त्यामुळे माणूस आमच्याकडे येतो तो पाय सुजल्यावर, नाहीतर रक्ताची उलटी झाल्यावर.

त्या उलटीबद्दल सांगते. सिरोसिसमध्ये लिव्हर आतून घट्ट होतं, त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, मग ते अन्ननलिकेच्या शिरांमध्ये तुंबतं. त्या शिरा फुगतात आणि एके रात्री एखादी फुटते. आधी काहीच सूचना नसते. माणूस उठून बसतो, मळमळतंय म्हणतो, आणि पुढच्या क्षणी चादर, फरशी, आमचे गाऊन सगळं लाल. गाठी पडलेलं रक्त बादलीत धरायचं, दोन्ही हातांना सलाईन लावायच्या, रक्तपेढीत माणूस पळवायचा. दुर्बिणीतून त्या शिरांना रबराचे बँड बसवता येतात आणि रक्त थांबतं. पण मी ज्या काळातलं सांगते आहे, तेव्हा रात्री दोन वाजता आमच्याकडे ती सोय नव्हती. धुळ्याहून नाशिक गाठायचं, जळगावहून औरंगाबाद. दोन्हीकडे साधारण दीडशे किलोमीटर. अँब्युलन्स निघायची. त्यातल्या काहींचा परत फोन यायचा, बऱ्याच वेळा यायचा नाही.

एक मास्तर होते, नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. लिव्हर निकामी झालं की रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाते आणि माणूस भ्रमायला लागतो. ते वेळेत लक्षात यावं म्हणून साहेबांनी त्यांना रोज सकाळी कागदावर सही करायला सांगितली होती. पहिल्या दिवशी शाळेच्या दाखल्यावर करावी तशी वळणदार सही, खाली रेघ आणि दोन टिंबं. नंतर रेघ वाकडी झाली. मग आडनाव अर्ध्यात सुटलं. त्याच दिवशी मी त्यांना दोन्ही हात पुढे करून पंजे ताठ धरायला लावले, तर पंजे फडफडायला लागले. लॅक्ट्युलोजचं पातळ औषध वाढवलं, जुलाब झाले, मास्तर शुद्धीवर आले आणि त्यांनी परत पूर्ण सही केली. तेव्हा आम्हा सिस्टरांना झालेला आनंद बाहेरच्या माणसाला कळायचा नाही. पुढच्या महिन्यात ते गेले, पण घरी गेले.

दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टरांना एक फॉर्म भरावा लागतो. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, फॉर्म ४. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखालचा हा कागद. त्यात भाग एकमध्ये ओळी असतात. वरच्या ओळीत लगेचचं कारण, तिच्या खाली ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ दुखणं, जिथून ही साखळी सुरू झाली ते. म्हणजे वर रक्ताची उलटी, मध्ये सिरोसिस, खाली दारू किंवा हिपॅटायटिस. आकडेवारीत मोजली जाते ती ही खालची ओळ. पण मध्यरात्री, नातेवाइकांच्या रडारडीत, पुढचा पेशंट स्ट्रेचरवर असताना शिकाऊ डॉक्टर काय लिहिणार? 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट.' हृदय आणि श्वास बंद पडला. अहो, मेलेल्या प्रत्येकाचा तो बंदच पडतो!

आणि कधी डॉक्टरांना घाई नसते, पण दया येते. चोपड्याकडची एक बाई मला आठवते. नवरा सिरोसिसनं गेला होता. ती साहेबांच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "साहेब, कागदवर दारूनं नाव नका लिखू. पोरनं लगन करनं शे." साहेबांनी मान डोलावली आणि वरची एक ओळ भरून सही केली. मी तो फॉर्म घेऊन ऑफिसात दिला. तेव्हा मलाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. घरोघरी हीच भीती असते. कुणाला सोयरिकीची, कुणाला विम्याचा क्लेम अडकेल याची. खरं तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायत जो मृत्यूचा दाखला देते त्यावर कारण छापलेलं नसतं, कायद्यानंच तशी मनाई आहे. त्या बाईला हे सांगायला कुणाला सवड नव्हती.

काही वर्षांनी तिचा धाकटा दीर माझ्याच वॉर्डात आला. उजव्या बरगडीखाली हाताला लागेल एवढी गाठ, वजन उतरलेलं, डोळे पिवळे. गळ्यात तुळशीची माळ. दरवर्षी पंढरीला पायी जाणारा माणूस. दारू पिता का, असं हिस्टरी घेताना विचारलं तर त्याच्या आईनं आमच्या डॉक्टरला खडसावलं. तो स्वतः नुसता हसला. "मी त माळकरी माणूस ताई, माले हाई कसं व्हयनं?" रक्त तपासलं, हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघालं. गाठ लिव्हरच्या कॅन्सरची होती.

मग कुणीतरी थोरल्याचे जुने केसपेपर रेकॉर्डमधून काढायला लावले. त्यात लॅबची एक चिठ्ठी पिनेनं लावलेली होती. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह. तो गेला त्या संध्याकाळी ती आलेली असणार. तो प्यायचा, म्हणून सगळ्यांनी दारूच धरली होती. मग आईची तपासणी केली. ती सत्तरीची, शेतात काम करणारी, ठणठणीत. तिच्या रक्तातही तोच विषाणू. आईकडून बाळंतपणाच्या वेळी बाळाला हा लागतो आणि अशा लहानपणी लागला की बहुतेक वेळा आयुष्यभर अंगात राहतो. आज बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत त्याची लस दिली जाते आणि २०११-१२ पासून देशभरच्या सरकारी लसीकरणात ती आहे. ही दोघं भावंडं जन्मली तेव्हा तसं काही नव्हतं. पण ती चिठ्ठी बघून थोरल्याच्या कागदावर खालची ओळ भरली गेली असती, तर धाकट्याची तपासणी गाठ होण्याआधी झाली असती. या विषाणूवर रोज एक गोळी घेऊन त्याला दाबून ठेवता येतं. धाकटा आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमाराला गेला.

काविळीचं आणखी एक प्रकरण आमच्याकडे आहेच, माळेचं. डोक्यावर काड्यांची माळ घालायची, ती वाढत वाढत पोटापर्यंत उतरली की कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली म्हणतो. पाण्यातून होणारी साधी कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून माळवाल्याचं नाव होतं. त्याच माळेवर सिरोसिसवाला दोन महिने काढतो, तेही उसाच्या रसावर आणि बिनतेलाच्या भातावर, जेव्हा त्याला डाळ आणि अंडी हवी असतात. आणि पाण्यातूनच येणारा हिपॅटायटिस ई गरोदर बाईला झाला तर महिने नाही, दिवस हातात असतात. शेवटच्या तिमाहीत हा आजार पाच-सहा बायांमागे एकीचा जीव घेऊ शकतो. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, ते टाक्यांत, पिंपांत साठतं, गटारात बुडालेल्या पाइपातून येतं. एका मुलीला नवव्या महिन्यात माळ घालूनच आणलं होतं. तिच्याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

आता सोयी वाढल्या आहेत. गरिबांना उपचार फुकट देणारी राज्याची आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. जळगावला २०१८ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज झालं. त्याच वर्षी २८ जुलैला हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. कागद मात्र जिथल्या तिथे आहे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. त्यातल्याही किती फॉर्मांवर नुसतं हृदय बंद पडलं असेल, ते वॉर्डात काम केलेल्यांना विचारा.

कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. दवाखान्यात कुणी गेलं तर मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत आता जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. ती मागून घ्या. चार दिवस जाऊ द्या, मग भाग एकमधली सगळ्यात खालची भरलेली ओळ वाचा. नुसतं हृदय बंद पडलं असं असेल तर डॉक्टरांना जाऊन भेटा आणि मूळ दुखणं काय होतं ते विचारा. हिपॅटायटिस बी म्हणाले, तर आई, भावंडं, बायको, मुलं सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. माळकऱ्यांचीसुद्धा.