एकाच झाडाकडे पाहताना

मार्गशीर्ष-पौषात दवाखान्यातील तक्रारींचे स्वरूप बदलते. गुडघे आखडतात, खोकला बळावतो आणि एरवी आटोक्यात असलेला रक्तदाबही, गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्यामुळे, थोडा वर सरकतो. या साऱ्यांवर माझ्याकडे औषधे आहेत. परंतु याच दिवसांत आणखी एक दुखणे वाढते आणि ते कोणी दुखणे म्हणून सांगत नाही. थंडीच्या निमित्ताने घरातील वृद्ध व्यक्तीचे बाहेर पडणे थांबते आणि तिची काळजी घेणारी व्यक्तीही तिच्याबरोबर चार भिंतींत अडकते. आज मला या दोघांविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडे सेवेला मोठे मोल आहे, आणि ते योग्यच आहे. वेळेवर गोळ्या देणे, अंघोळ घालणे, पथ्याचे जेवण करणे हे सारे घरोघरी निष्ठेने चालते. मात्र सेवा आणि सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवेत एक देणारा असतो आणि दुसरा घेणारा. सोबतीत असा भेद उरत नाही. ज्या घरात सेवा उत्तम चालते, त्याच घरात सोबत हळूहळू संपत गेल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

लालबागच्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. सासरे पंचाहत्तरी ओलांडलेले, जुने गिरणी कामगार. १९८२च्या संपानंतर मिळेल ते काम करून त्यांनी संसार उभा ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. पुढे उपचारांनी ती थोडी परतली, पण शब्द सापडायला फार वेळ लागे. मुलगा पाळीच्या नोकरीवर, म्हणून सारा भार सुनेवर होता. एके दिवशी ती स्वतःची डोकेदुखी घेऊन माझ्याकडे आली. रक्तदाब मोजला, तर तो बराच वाढलेला होता. गोळी लिहून देताना मी घरची विचारपूस केली. ती म्हणाली, "डॉक्टर, दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो. पण बोलणं काय, तर गोळी घेतलीत का आणि जेवलात का. तिसरं वाक्यच नाही."

तिचे ते बोलणे माझ्या मनातून गेले नाही. ती दिवसभर अण्णांकडे पाहत असे; पण ते पाहणे रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहावे तसे होते. चेहरा उतरला आहे का, पायाला सूज आहे का, औषध गिळले का? आणि अण्णा तिच्याकडे पाहत, ते आपल्यामुळे ही किती दमली आहे याचा अंदाज घेत. दोघांच्या नजरा एकमेकांवर खिळलेल्या आणि दोन्ही नजरांत ओझे. त्या दोघांना एकत्र पाहता येईल अशी एखादी तिसरी गोष्ट हवी होती.

हिवाळ्यातील बहुतेक रविवारी मी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जातो. पुढच्या रविवारी त्यांनीही यावे, असे मी सुचवले. पुष्कळांना ही बाग प्राण्यांसाठी ठाऊक आहे. अलीकडे तर मुले पेंग्विन पाहायलाच येतात. पण मुळात हे वनस्पती उद्यान आहे. आधीची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतल्यानंतर भायखळ्याला नवी बाग उभारली गेली आणि १८६२ साली ती लोकांसाठी खुली झाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. देशोदेशींचे वृक्ष येथे दीडशेहून अधिक वर्षे मुंबईकरांना सावली देत आले आहेत.

जानेवारीची ती सकाळ होती. मुलाने चाकांची खुर्ची ढकलत आणली. सून पाण्याची बाटली, शाल आणि औषधांची पिशवी सांभाळत मागून येत होती. आम्ही गोरखचिंचेपाशी थांबलो. आफ्रिकेतून आलेला हा वृक्ष हिवाळ्यात पाने गाळून उघडा उभा असतो, पण त्याच्या अवाढव्य खोडात पाणी साठवलेले असते. अण्णांनी डाव्या हाताने खोडाला स्पर्श केला आणि बराच वेळ हात तसाच ठेवला. पुढे उर्वशीचे झाड लागले. मूळचे ब्रह्मदेशातील हे झाड आपल्याकडे क्वचितच आढळते. त्याचे लाल-पिवळे फुलोरे झुंबरासारखे खाली लोंबत होते. समोरच्या बाकड्याजवळ खुर्ची लावली. मुलगा चहा आणायला गेला. सून मात्र उभीच राहिली. घरीही ती अशीच उभी असते, केव्हा काय लागेल म्हणून.

अण्णा काहीतरी बोलू पाहत होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. सवयीने ती पुढे झाली, "पाणी हवंय?" त्यांनी मान हलवून नकार दिला. "शाल देऊ?" पुन्हा नकार. मी तिला हळूच खुणेने थांबायला सांगितले. अर्धांगवायूनंतर बोलणे अडखळलेल्या पुष्कळ रुग्णांची समज शाबूत असते. नेमका शब्द शोधायला त्यांना अवकाश लागतो आणि त्यांचे वाक्य आपण पूर्ण केले, की तो अवकाशच आपण हिरावून घेतो. आम्ही तिघेही त्या फुलोऱ्यांकडे पाहत राहिलो. मिनिटभराने अण्णा म्हणाले, "बस गो... तू पण."

ती बसली. मग कितीतरी वेळ कोणीच काही बोलले नाही. तीन वर्षांत प्रथमच त्यांनी तिला काहीतरी दिले होते, आणि तिला ते घेता आले होते.

वाचकहो, येथे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. त्या एका सकाळने तिचा रक्तदाब उतरला नाही. तिची गोळी चालू आहे आणि अण्णांचा व्यायामही. परंतु आता दुपारचा चहा ती उभ्याने न घेता त्यांच्याशेजारी बसून घेते. रविवारी दोन तास तिची नणंद येऊन बसते आणि सून एकटी बाहेर पडते. काळजी घेणाऱ्याची विश्रांती हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या घराने मान्य केले. एकाकीपणाचे शरीरावर होणारे परिणाम आता वैद्यकशास्त्रही गांभीर्याने घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नात्यांच्या प्रश्नासाठी स्वतंत्र आयोग नेमला, तो याच कारणाने.

आपणही अशी एखादी सकाळ ठरवावी. त्यासाठी थोडी पथ्ये सांगतो. हिवाळ्यात पहाटे धूर आणि धुके खाली साचून राहते. म्हणून दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी दहाच्या सुमारास, ऊन चढल्यावर निघावे. कान आणि छाती झाकावी. सकाळची औषधे आणि न्याहारी चुकवू नये. थंडीत तहान कमी लागते, म्हणून मधूनमधून दोन घोट पाणी आठवणीने द्यावे. छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर फेरी तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. चालण्याचा वेग नेहमी मंद चालणाऱ्याचा असावा आणि दर बाकड्यावर थांबण्याची मुभा असावी. ऐकू कमी येत असेल, तर समोर येऊन सावकाश बोलावे, ओरडू नये. राणीची बाग बुधवारी बंद असते, हेही लक्षात ठेवावे. पुण्यातील वाचकांना एम्प्रेस गार्डन आहे. तिथे प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शनही भरते. ज्यांना कुठेच जाणे शक्य नाही, त्यांनी खिडकीपाशी दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडाव्यात. समोर कोपऱ्यावरचा एखादा कडुनिंब असला, तरी पुरे.

आणि बसल्यावर तब्येतीचा विषय काढू नका. गोळ्यांची पिशवी पायाशी ठेवा. आपले माणूस काही सांगू पाहत असेल, तर वाट पाहा. सांगण्यासारखे त्यांच्याकडे अजून बरेच काही असते.