चलो आक्षी, पण तिथी बघून!

मे महिना म्हणजे मामाचा गाव, हे सगळं ठीक आहे. पण मामाचा गावच गिरगाव असेल तर भाच्याने करायचं काय? आमचे भाचेसाहेब परळला राहतात. सुट्टी लागली की कपड्यांची बॅग घेऊन बसमध्ये बसायचं, तासाभरात मामाचा गाव हजर! इथे ना विहीर, ना आंब्याचं झाड, ना गोठा. आहे ती चाळीची लांबलचक गॅलरी, तिथे क्रिकेट सुरू झालं की खेकसणारे शेजारचे काका आणि चालत दहा मिनिटांवर चौपाटी.

यंदा भाचा आणि चाळीतली तिघं अशी चौकडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वय वर्षं नऊ ते तेरा. मागणी एकदम हटके. ‘मामा, बीचवर तंबू ठोकून राहायचं. एक रात्र तरी.’ (भाच्यामुळे मी अख्ख्या चाळीचा मामा झालोय.)

एरवी मी हसून टाळलं असतं. पण या वर्षी टाळता येईना. पावसाळ्यानंतर आमची चाळ रिकामी होणार आहे. रीडेव्हलपमेंट! कोणी डोंबिवलीला भाड्याने जाणार, कोणी विरारला, एक कुटुंब थेट पुण्याला. पोरांना समोर बसवून हे कोणी सांगितलेलं नाही, पण गॅलरीतल्या गप्पा ऐकायला कान पुरतात. पुढच्या मे महिन्यात ही चौकडी एका जिन्यावर नसेल, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

तर ठरलं. आता प्लॅनिंग! आपल्यासारख्या मंडळींचा फंडा तुम्हाला माहीत आहेच. आधी वीकेन्ड पकडायचा, मग जागा, मग तंबू, मग शेकोटी आणि गिटारवाला मित्र. मीही तेच केलं. जागा ठरवली आक्षी. अलिबागच्या पुढे पाचेक किलोमीटर, नागावच्या अलीकडे. सुरूची झाडं, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या. (मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक, शके ९३४ चा, याच गावातला. पोरांना त्यात काडीचा रस नाही, पण मी दाखवणारच.) मग एका शनिवार-रविवारवर लाल गोल केला आणि ताईला फोन लावला.

‘अजिबात नाही,’ ताई म्हणाली.

‘अगं, एक रात्र...’

‘मुरूड विसरलास?’

मी विसरलो नव्हतो, पण आठवलंही नव्हतं. १ फेब्रुवारी २०१६. पुण्याच्या एका कॉलेजची सहल मुरूडला गेली होती आणि १४ मुलं-मुली समुद्रात बुडाली. ताई तेव्हा पुण्यातच नोकरीला होती. त्या संध्याकाळी शहर कसं गप्प झालं होतं, ते तिने तेव्हाही फोनवर सांगितलं होतं. आता ती एवढंच म्हणाली, ‘त्या मुलांच्या आयांनीही कुणाच्या तरी भरवशावरच पाठवलं होतं. तू किती वाजता त्यांना पाण्यात नेणार आहेस, ते सांग. तेव्हा पाणी चढत असेल की उतरत असेल?’

मास मीडियाची डिग्री, सहा वर्षांची पत्रकारिता, घरापासून दहा मिनिटांवर समुद्र. आणि मला उत्तर येत नव्हतं. सॉल्लिड पचका.

उत्तर आलं ते मासळीच्या टोपलीतून. आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घेऊन येणाऱ्या मावशी आहेत. सुरमईचा भाव करता करता त्यांना विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. ‘कालनिर्नय हाय ना तुझ्याकडं? तिथी बघ. तिथीची पाऊनपट कर. भरतीची येल मिलेल.’

म्हणजे बघा, आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. भरती दुपारी तीनच्या सुमाराला, आणि तशीच पहाटे तीनच्याही. सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवसांत चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते, म्हणून पाणी कमी चढतं, कमी उतरतं. कोळीवाड्यातल्या आणि कोकणातल्या जुन्या माणसांना हे पाठ. आमच्या आजीला समुद्राचं काही माहीत नव्हतं, पण पाऊणकीचा पाढा तोंडपाठ निघाला. पोरं मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत ती गॅलरीतून उत्तर सांगून मोकळी!

पोरांनी लगेच जुनी केस तपासायला घेतली. २०२५ च्या विसर्जनाला लालबागचा राजा सकाळी गिरगाव चौपाटीवर आला आणि भरतीने असा अडवला की विसर्जन व्हायला रात्र झाली. आम्ही सगळे तिथे ताटकळत होतो. ७ सप्टेंबर, पौर्णिमा. म्हणजे सव्वाअकरा! ‘मामा, हे आपल्याला आधीच कळलं असतं!’ असा पोरांचा आव.

मग प्रॅक्टिकल. एका शनिवारी षष्ठी होती, हिशोबाने भरती साडेचारला. चारही जण चौपाटीवर काठ्या रोवून बसले. पाणी ज्या काठीला लागेल, तिथे वेळ लिहायची. आजूबाजूला भेळ, कुल्फी, कॉलेजची जोडपी, आणि मधे ही चौकडी वही घेऊन. हिशोब आणि पाणी यांत अर्ध्या तासाचा फरक पडला. नियम ढोबळ आहे, त्यामुळे निघायच्या आधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच, हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं. पण एक गोष्ट कुठल्याही कोष्टकात नव्हती. पाणी उतरायला लागल्यावर सर्वांत छोटीने घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून सांगितलं, ‘मामा, पायाखालची वाळू जातेय.’ जातेच. ओहोटीचं पाणी आत निघालेलं असतं. घोट्यापर्यंत असेल तर गुदगुल्या होतात, छातीपर्यंत असेल तर माणूस जातो.

त्या रात्री कालनिर्णय भिंतीवरून खाली उतरलं. माझा लाल गोल पौर्णिमेच्या शनिवारवर होता. चांदण्यासाठी! पण पौर्णिमेला मध्यरात्री उधाणाची भरती, म्हणजे वाळूवर झोपलेल्यांच्या अंथरुणात समुद्र. शिवाय संध्याकाळी, नेमकं सगळे पाण्यात शिरतात त्या वेळी, जोराची ओहोटी. बाद. अष्टमीला भरती सकाळी सहाला, म्हणजे उठून डुंबायला जावं तर पाणी उतरायला लागलेलं. तेही बाद. पोरांनी एकेक तिथी खोडत नेली आणि शुद्ध एकादशीवर थांबली. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी साडेसहा ते आठ चढतं पाणी, संध्याकाळी पाच ते सात पुन्हा चढतं पाणी. उधाण नाही. आणि चंद्र मध्यरात्र उलटून गेल्यावरही आकाशात!

फक्त तिथी काही वीकेन्ड बघून येत नाही. मे महिन्यातली एकादशी आली मधल्या वारी. मी फ्रीलान्सर, म्हणजे मला सुट्टी कायम आणि कधीच नाही, पण सोबत येणारे दोन मित्र, एक बँकेत आणि एक आयटीत, यांना रजा काढावी लागली. आयटीवाल्याने कारण लिहिलं, ‘एकादशी’. मॅनेजरला वाटलं पोरगा सुधारला.

तंबूचं म्हणाल तर त्याचा निकाल गच्चीतच लागला. दुकानातून आणलेला इंपोर्टेड छापाचा तंबू पोरांनी वीस मिनिटांत उभा केला, त्यात शिरली आणि पंधरा मिनिटांत घामाने निथळत बाहेर आली. मे महिन्यात मुंबईच्या किनाऱ्यावर बंद तंबू म्हणजे भट्टी, ही गोष्ट थंड हवेत काढलेल्या कॅम्पिंगच्या फोटोंत दिसत नाही. शेवटी चौघं चटई टाकून गॅलरीत झोपली, दरवर्षीसारखीच. त्यामुळे आता आमचा कॅम्प म्हणजे दादरहून आणलेल्या दोन मोठ्या मच्छरदाण्या, दोरी, चटया, आणि वाळू सोडून मागच्या वाडीत, मालकाला रीतसर विचारून घेतलेली जागा. तिथे विहीर आहे, संडास आहे. नारळाखाली झोपायचं नाही, सुरूखाली झोपायचं. का, ते न्यूटनला विचारा. तंबू येतोय, पण पोरांचे कपडे बदलायला.

खाणं फार नाही. लालबागचा चिवडा, आईचे गूळपोहे, बाकी गावात मिळेल ते. जायचं गेटवेहून लाँचने मांडव्याला आणि तिथून बसने अलिबाग. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तिच्यात गाडीही चढते, पण आमच्याकडे गाडी कुठे आहे? १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली. त्यामुळे बसायच्या आधी लाइफ जॅकेट, ही ताईची अट, आणि तीत काही चूक नाही. मेच्या शेवटी लाँच पावसाळ्यासाठी बंद व्हायला लागतात, तेव्हा परतीची चौकशी आधीच केलेली बरी. आणि मे महिन्यातला समुद्र शांतच असतो असं वाटत असेल तर १७ मे २०२१ आठवा. तौक्ते वादळ मुंबईच्या बाजूने गेलं तेव्हा गेटवेवर लाटा कशा आदळत होत्या! त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने रायगडच्या याच वाड्या आडव्या केल्या होत्या. हवामान खात्याचा इशारा असेल तर कॅम्प गच्चीत, हेही वहीत लिहिलंय.

पाण्याचे नियम पोरांनी स्वतः लिहिलेत. गुडघ्याच्या वर पाणी नाही. एका पोरामागे एक मोठा, आणि मोठा कायम समुद्राच्या बाजूला. एक जण कोरडा राहून डोकी मोजणार. अंधार पडला की पाण्याशी कट्टी. मोठ्यांनी दारू प्यायची नाही (हे वाचताना बँकवाल्याचा चेहरा पडला). कोणी ओढलं गेलंच तर मागोमाग उडी मारायची नाही, दोरी किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकायचा, ओरडायचं आणि ११२ लावायचा. वाचवायला गेलेलेही बुडतात. वहीत या ओळीखाली दोन रेघा आहेत. त्या ताईने मारल्या.

हो, वही परळला जाऊन आली. भाच्याने नेली होती. ताईने एप्रिलमध्येच त्याला शिवाजी पार्कच्या तलावावर पोहायला घातलंय, पण तलावात पोहता येणं आणि समुद्रात टिकणं यांत फरक आहे, हे तीच त्याला रोज ऐकवते. वही परत आली तेव्हा षष्ठीच्या पानावर तिच्या अक्षरात गणित होतं. सहाची पाऊणपट, साडेचार. पुढे अकराची. ताईने सगळं स्वतः करून पाहिलं होतं.

परवा रात्री तिचा फोन आला. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

‘एकादशी आहे म्हणजे आईचा उपास असणार. तुला तर काय, उपासाची खिचडी म्हटली की भूक डबल. साबुदाणा मी इथूनच भिजवून घेते. किती जणांचा?’

‘चार पोरं, मी, दोघं मित्र आणि शेजारच्या वहिनी. आठ.’

‘नऊ धर,’ ताई म्हणाली आणि फोन ठेवला.