बातमीचे पान

सरकारी नोकरीमुळे वर्तमानपत्र मी दोनदा वाचतो. एकदा घरी चहाबरोबर आणि मग कचेरीत, कात्री घेऊन. खात्यासंबंधीच्या बातम्यांची कात्रणे साहेबांसमोर ठेवायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. पहिल्या पानावरच्या बातमीवर दुपारपर्यंत अहवाल मागितला जातो. आतल्या पानावरची फायलीला टाचली जाते आणि तिथेच पिवळी पडते. म्हणून कुठली बातमी कुठे छापावी, हा प्रश्न नुसता संपादकांचा नाही.

२०२१ चेच घ्या. २३ जुलैला सत्तरी-डिचोलीत पूर आला. १९८२ नंतरचा सर्वांत मोठा, असे मुख्यमंत्र्यांनीच सांगितले. पडलेली घरे, मंत्र्यांचे दौरे, नुकसानभरपाई, सगळे पहिल्या पानावर. पुढे ९ ऑगस्टला आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय समितीचा अहवाल आला. पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापली आहे, १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी २० सेंटिमीटरने वाढली आहे, असे त्यात होते. दोनच दिवसांपूर्वी नीरज चोप्राने सुवर्णपदक जिंकलेले. (मला विचाराल तर भालाच आधी!) पण पूर आणि अहवाल यांच्यात फक्त १७ दिवस होते. एका पुरावरून हवामान बदल सिद्ध होत नाही, मान्य. तरी हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते आणि मग पाऊस कोसळतो तो असा, हे पुराच्याच बातमीत दोन ओळींत सांगता येते. सहसा सांगत नाहीत. राजकारण एकाकडे, गुन्हे दुसऱ्याकडे, शेती तिसऱ्याकडे. हवामान कुणाच्याच वाटणीला नाही.

आपल्या खाजन शेतीचेही तेच. बांध फुटून शेतात खारे पाणी शिरले की तालुक्याच्या पानावर चार ओळी येतात. खेकड्यांची बिळे, मानशीच्या लिलावातले राजकारण, रखडलेली दुरुस्ती ही कारणे खरीच आहेत. पण ते २० सेंटिमीटर छापून येतात देश-विदेशच्या पानावर, जणू तो समुद्र वेगळाच. पौर्णिमेच्या भरतीला पाणी बांधावर पूर्वीपेक्षा वर चढते का, एवढे तरी बातमीदाराने तिथल्या शेतकऱ्याला विचारावे. बापजाद्यांपासून बांधावर भरतीची खूण पाहणारी माणसे अजून आहेत.